हरणीसाठी लांबची लेन्स

कॅमेऱ्याच्या दुकानात लेन्स घ्यायला येणारा माणूस पहिलं वाक्य हमखास खोटं बोलतो. ‘सहज बघायला आलोय,’ म्हणतो. लेन्सच्या दुकानात सहज बघायला कुणी येत नाही. सहज बघायला लोक साडीच्या दुकानात जातात आणि तिथूनही सहज बाहेर पडत नाहीत, हे मी वडगावच्या विणकराच्या घरात जन्मल्यामुळे ठामपणे सांगू शकते. मागाच्या खडखडाटातून सुटावं म्हणून मी बेळगावच्या बाजारातल्या एका फोटोच्या दुकानात कामाला लागले. आधी आतल्या अंधाऱ्या खोलीत रोल धुवायला, मग रोल संपले तेव्हा बाहेर काउंटरवर. जवळजवळ तीस वर्षं त्या काउंटरमागे उभी राहिले.

काउंटरवर बाई बघून नवीन गिऱ्हाईक आधी मालकांना शोधायचं. मालक बोटाने माझ्याकडे दाखवायचे आणि पुन्हा चहात बिस्कीट बुडवायचे. दहा मिनिटांनी तोच माणूस मला ‘आक्का’ म्हणायला लागायचा. आमच्याकडे आक्का म्हटलं की निम्मा सौदा झालेला असतो, कारण बहिणीशी फार घासाघीस करता येत नाही. मी याचा पुरेपूर फायदा घेतला, हे कबूल करते.

सगळ्यात विचित्र गिऱ्हाइकं लांबच्या लेन्सची. टेलिफोटो म्हणतात तिला, पण आमच्याकडे ‘लांबची’ एवढंच नाव पुरतं. लग्नवाले येत, पक्षीवाले येत. खानापूरकडच्या गुंजीचे एक गुरुजी होते, पक्ष्यांचे वेडे. तिकडचा पाऊस लेन्सला बाधू नये म्हणून त्यांनी ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तांदूळ ओल शोषून घेतो. पावसाळा संपल्यावर लेन्स बाहेर काढली तर आत तांदळाची पिठी आणि दोन सोंडे किडे. गुरुजी काउंटरवर मान खाली घालून उभे आणि मी चिमट्याने किडे काढतेय. ‘घरात सांगू नका,’ एवढंच म्हणाले. मी सांगितलं नाही, इथे मात्र लिहिते आहे, कारण गुरुजी आता स्वतःच हा किस्सा सगळीकडे सांगत सुटलेत.

या धंद्यातलं ज्ञान फार मोठं नसतं. लांबची लेन्स तीन गोष्टींवर पारखायची. ती किती लांबचं ओढून आणते, आत किती उजेड घेते आणि धावत्या वस्तूवर किती चटकन नजर ठरवते. यातल्या पहिल्या गोष्टीसाठी लोक पैसे मोजतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीसाठी नंतर रडतात. स्वस्तातली लेन्स लांबचं खूप ओढते, पण तिचं तोंड बारीक, उजेड कमी घेते. ऊन उतरलं की फोटो हलतो. शिवाय तिची मोटर आळशी. ती गुर्र गुर्र करत पुढे-मागे होईपर्यंत समोरचं जनावर निघून गेलेलं असतं. तिन्ही गोष्टी चांगल्या हव्यात तर लेन्सची किंमत गाडीच्या किमतीला टेकते. म्हणून ऐपतीतली लेन्स निवडणं म्हणजे काय सोडायचं ते ठरवणं. लोकांना हे आवडत नाही. सगळं हवं असतं.

पारखायला आमच्याकडे एक सोय होती, ती मोठ्या शहरातल्या दुकानांत नसेल. दुकानासमोर एक तांबूस भटका कुत्रा असायचा. त्याचं नाव मी डेमो ठेवलं होतं. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर कॅमेरा घेऊन उभं राहायचं, मी त्याच्या शेजारी बिस्कीट उंच धरून हाक मारायची आणि डेमो गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून सायकली, हातगाड्या चुकवत सुसाट यायचा. धावतं कुत्रं ज्या लेन्सला सापडलं तिला लग्नातला नवरदेव सापडणारच. मालक म्हणायचे, पगारावर ठेवावा असा एकच माणूस आहे या दुकानात आणि तो बाहेर झोपतो.

मारुती आप्पा आले ते असेच एका भर दुपारी. काकतीकडच्या एका खेड्यातले शेतकरी, साठी ओलांडलेले, डोक्याला पटका. सोबत मुलगा संतोष. तो उद्यमबागेत कारखान्यात नोकरीला, गळ्यात कॅमेरा, कधीतरी मित्राकडून जुना घेतलेला. आणि पायरीवर, दोरीशिवाय, एक कारवानी कुत्री. मुधोळकडचं ते वाण तुम्ही पाहिलं असेल. लांब तोंड, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर. डेमो दोनदा भुंकला आणि मग आपणहून पानपट्टीच्या मागे जाऊन बसला.

“आक्का, लांबची लेन्स दावा,” आप्पा म्हणाले. “पर आमच्या ऐपतीतली.”

सहज बघायला आलोय, असं म्हणाले नाहीत. तिथेच हा माणूस मला आवडला. कशासाठी हवी, लग्नाच्या ऑर्डरी घेता का, असं मी संतोषला विचारलं. आप्पांनी पायरीकडे हात केला. हिच्यासाठी, म्हणाले. हिचं नाव हरणी.

मग त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या सीमाभागात ऊस, तंबाखू निघून रानं मोकळी झाली की कुत्र्यांच्या शर्यती लागतात. काही ठिकाणी मोटारसायकलीमागे चिंधीचा ससा बांधून पळवतात. पण काही गावांत जुनी पद्धत आहे, मालकाच्या हाकेवर पळवायची. एका टोकाला घरचा माणूस कुत्रं धरून बसतो, दुसऱ्या टोकाला मालक उभा राहतो, टॉवेल फिरवतो, हाक मारतो. शिट्टी झाली की कुत्री सुटतात आणि ज्याचं कुत्रं आधी आपल्या मालकापाशी पोचेल तो जिंकला. हरणी अशा शर्यतींत सात-आठ हंगाम पळाली होती. घरात ढाली होत्या, गावच्या चौकात तिच्या नावाचे फ्लेक्स लागले होते. फोटो मात्र एकही धड नव्हता. मोबाइलवर काढलेल्या फोटोत एक ठिपका दिसायचा आणि ठिपक्याभोवती भरपूर रान.

“जवळ आल्यावर काढा की मग,” मी म्हणाले.

“जवळ आली की निस्ती जीभ दिसत्या,” आप्पा म्हणाले. “लांबनं मला बघत पळत येत्या न्हवं, तवाचं तिचं तोंड पायजे. माझ्याकडं बघत्यालं. ते जवळ आल्यावर न्हाय ऱ्हात.”

घाई का होती तेही कळलं. ते सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडून आले होते. हरणीच्या दोन्ही डोळ्यांवर निळसर धुकं उतरत होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की वरचं जाळं काढून उपयोग नाही, आतला पडदाच विझत चाललाय. अजून काही महिने दिसेल, मग नाही. ही जात वासावर नाही, नजरेवर पळते. म्हणजे हा शेवटचा हंगाम आणि त्यातही आता सदलग्याची एकच शर्यत उरलेली. त्या डोळ्यांना आपण दिसतोय तोवरचा एक फोटो एवढंच त्या माणसाला हवं होतं.

संतोष इंटरनेटवर बघून आला होता. त्याला नवीकोरी, सगळ्यात लांबची, स्वस्तातली लेन्स हवी होती. मी ती लावून दिली, डेमोला पानपट्टीमागून बाहेर काढलं, हाक मारली. लेन्स गुर्र गुर्र करत राहिली आणि डेमो बिस्कीट खाऊन मोकळा झाला. मग मी कपाटातली एक जुनी काढली. निपाणीच्या एका लग्नवाल्याने नवी घेताना आमच्याकडे दिलेली. लांबी बेताची, अंगावरचा रंग उडालेला, वजनाला भरपूर. पण तोंड मोठं आणि मोटर चपळ. तिने डेमोला गल्लीच्या टोकाला जे पकडलं ते पायरीपर्यंत सोडलं नाही.

“हिच्यात हात हलल्याला सावरायची सोय न्हाय,” संतोष म्हणाला.

नाही, म्हणूनच ती तुमच्या ऐपतीत बसते, असं मी त्याला समजावलं. ती सोय फोटो काढणाऱ्याचा हात सावरते. धावणाऱ्या कुत्र्याला ती काय करणार? त्याला थांबवायचं तर कॅमेऱ्याचं आतलं झाकण सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटलं पाहिजे आणि तेवढ्यात हात हलायला वेळच मिळत नाही. लांबी कमी पडेल ती पाय उचलून चार पावलं पुढे जाऊन भरून काढता येते. उजेड असा भरून काढता येत नाही. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. आप्पांनी लेन्स तळहातावर तोलून धरली, बियाणं पारखावं तशी.

आमच्या रिवाजाप्रमाणे मी मागून टॉर्च मारून आतली काच दाखवली. आमच्याकडच्या पावसाने लेन्सच्या आत बुरशी धरते, पांढरं बारीक जाळं पसरतं. जुनी लेन्स घेताना ते बघून घ्यायचं असतं. ही स्वच्छ होती. जाळं असतं तर काय करता, असं आप्पांनी विचारलं. उघडून साफ करतो, मी म्हणाले. ते हसले आणि हसत हसतच पायरीकडे बघत म्हणाले, “मग हिचंबी करून टाका की, आक्का.”

मी टॉर्च बंद केली.

आठवड्याभराने आप्पा एकटेच आले. लेन्स चांगली होती, तक्रार वेगळीच होती. फोटो स्वतः काढायचा असं त्यांनी ठरवलं होतं, कारण हरणी त्यांच्याकडे बघत येते, म्हणजे कॅमेरा त्यांच्याच हातात हवा. संतोषने त्यांना बटण कुठलं, कधी दाबायचं, सगळं शिकवलं. शेतात सराव केला. संतोष हरणीला धरून पलीकडच्या बांधावर, आप्पा अलीकडे. हाक मारली, हरणी सुटली, आप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि हरणी अर्ध्या वाटेत थांबली. मान वर करून बघत राहिली आणि मागे फिरून संतोषकडे गेली.

“कॅमेरा लावला की माझं तोंड झाकतंय,” आप्पा म्हणाले. “तिला मी गावत न्हाय. आधीच धुकट दिसतंय तिला.” मग त्यांनी विचारलं, “तोंड झाकत न्हाय असली काय लेन्स असत्या का, आक्का?”

तीस वर्षांत मला लेन्सबद्दल हजार प्रश्न विचारले गेले, हा एकदाच. मी हसले नाही. कॅमेरा छातीशी धरून बघा म्हटलं. त्यांनी तसं केलं तर आभाळ आलं आणि ऊस आला. तिपाईवर लावून लांबून बटण दाबा म्हटलं, तर मालकाच्या पुढ्यात तीन पायांचं काहीतरी उभं आहे म्हणून हरणी लांबूनच वळसा घालायला लागली. शर्यतीत तर मैदानाला बांधलेल्या दोरीच्या आत तिपाई चालणारच नव्हती, सुसाट आलेलं कुत्रं धडकून पाय मोडून घेतं. संतोषला कुत्री सोडायला पलीकडे राहणं भाग होतं, ती दुसऱ्या कुणाच्या हाती थांबायची नाही. उरलं कोण?

“तुमीच या की,” आप्पा म्हणाले. “लेन्स तुमीच दिलायसा.”

आता ही गोष्ट सांगायला हवी. जन्मभर मी लेन्सा विकल्या, पण दुकानाच्या पायरीपलीकडे जाऊन कधी फोटो काढला नव्हता. माझं सगळं निशाण म्हणजे समोरच्या भांड्याच्या दुकानाची पाटी आणि डेमो. घरी सांगितलं तर यजमान माग बंद करून माझ्याकडे बघत राहिले. कुत्र्याचा फोटो काढायला सदलग्याला? मग म्हणाले, जाऊन ये, तेवढंच दुकान सोडून काहीतरी बघशील.

रविवारी पिकअपमधून गेलो. पुढे ड्रायव्हर, आप्पा आणि मी, मागे संतोष आणि हरणी. आप्पांनी धुवून धुवून विटलेला एक लाल टॉवेल मांडीवर घेतला होता. हंगामभर तोच टॉवेल असायचा, हरणीला तो ओळखीचा. हरणी लहान असताना तिला उन्हात कशी खेळवली, ते त्यांनी रस्त्यात थोडं सांगितलं.

शर्यत दुपारी लागणार होती. पण आपल्याकडे पाहुणे आले की सत्कार आले. एकेकाला शाल, नारळ, फेटा, मग त्याचं दोन शब्द म्हणता म्हणता अर्ध्या तासाचं भाषण. ऊन उतरत चाललं. मी आप्पांना सांगितलं, ही लेन्स उजेड बराच घेते, पण सूर्य मावळल्यावर तीही काही करू शकत नाही. आप्पांनी जाऊन पंचांपुढे हात जोडले. हरणीचा गट आधी घ्या म्हणाले. पंच भला माणूस, त्याने घेतला.

तेवढ्यावर मी आणखी एक विनंती करून बघितली. मला आप्पांच्या शेजारी, दोरीच्या आत उभं राहू द्या. पंच नाही म्हणाला. आत फक्त मालक, हा तिथला जुना नियम. एकाला सोडलं तर समद्यांची घरंदारं आत येतील आणि कुत्री बिचकतील, आक्का, असं म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. आप्पांच्या मागे उभं राहावं तर त्यांचाच टॉवेल आडवा येणार. म्हणून मी दोरीच्या बाहेर, त्यांच्या उजवीकडे दहा-बारा फुटांवर गुडघा टेकला. त्याहून जवळची जागा त्या मैदानात मला नव्हती.

फोटोवाले सगळे शेवटच्या रेषेवर कॅमेरा लावून बसतात, कारण निकाल तिथे लागतो. पण रेषेवर कुत्रं हिसका देऊन थांबत असतं, धूळ उडते, माणसं आत घुसतात. खरी चाल असते ती मधल्या टप्प्यात. म्हणून मी मैदानाच्या मधोमध पांढऱ्या फक्कीची एक खूण होती तिथे नजर ठरवून ठेवली. शिट्टी झाली. आप्पा टॉवेल फिरवत ओरडायला लागले. हरणेऽऽ, ये गं बाय, ये गं. दुकानात इतकं हळू बोलणारा माणूस, त्याचा तो आवाज मैदानाच्या पार टोकाला जात होता.

हरणी सुटली ती भलतीकडेच. डावीकडे, पिवळा टॉवेल फिरवणाऱ्या दुसऱ्याच माणसाच्या दिशेने. मग तिला लाल दिसला असावा किंवा आवाज लागला असावा. तिने मान वळवली आणि सगळं अंग त्या मानेमागून वळलं. पाठीची कमान झाली, चारी पाय पोटाखाली गोळा झाले आणि ती खुणेवर आली तेव्हा जमिनीला कशानेच टेकलेली नव्हती. मी बटण दाबून धरलं होतं. हात सावरायची सोय नव्हती, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाला तिची गरज लागत नाही.

नंबरात आली नाही. चौथी की पाचवी. आप्पांना त्याचं काही नव्हतं. ती येऊन त्यांच्या पोटावर आदळली आणि ते दोघेही धुळीत बसून राहिले.

दुकानात मोठ्या पडद्यावर फोटो लावला तेव्हा मालक चहा विसरून उठून आले. असा फोटो आमच्या दुकानात कुणी आणला नव्हता. कानांच्या मागे वळलेल्या कडा, छातीवरच्या शिरा, पंज्यांतून उडालेली माती, सगळं लख्ख. डोळ्यांवरचं धुकं तिरप्या उन्हामुळे दिसतही नव्हतं. मी मोठी प्रत काढली, काच-चौकट करून घेतली. खोटं कशाला बोलू, फुशारले होते. आता या वयात आपल्यालाही जमलं म्हणून.

आप्पांनी चौकट दोन्ही हातांनी धरली. खूप वेळ बघितली. डावीकडे जरा सरकले, पुन्हा बघितली. उजवीकडे सरकले.

“फोटो लई भारी आलाय, आक्का,” ते म्हणाले. मग सावकाश म्हणाले, “पर ही माझ्याकडं बघंना.”

खरंच बघत नव्हती. तिची नजर फोटोबाहेर, एका बाजूला, दहा-बारा फुटांवर उभ्या असलेल्या आप्पांकडे होती. ते फोटोत नव्हतेच. लांबची लेन्स एवढंच काम करते, एक वस्तू उचलून जवळ आणते आणि बाकी सगळं बाहेर ठेवते. मी म्हणाले, आप्पा, ती तुमच्याकडेच तर बघतेय. ते हो म्हणाले, मान हलवली, चौकट टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

त्यानंतर मी एका गिऱ्हाइकाला डेमोचा फोटो काढायला लावला आणि नीट बघितला. डेमोही कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. शेजारी बिस्कीट धरून मी उभी असायची, तो माझ्याकडे बघत यायचा. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी ते फोटो काढून तिथल्या तिथे पुसून टाकले आणि माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. आता तर असे कॅमेरे आलेत की जनावराचा डोळा आपणहून शोधून त्यावर नजर ठरवतात. विकताना मी ते कौतुकाने सांगायची. पण तो डोळा कुणाला शोधतोय हे त्या कॅमेऱ्यालाही सांगता येत नाही.

काही दिवसांनी संतोष मोबाइलचं कव्हर घ्यायला आला. तोवर आमच्या दुकानाची पुढची बाजू मोबाइलवाल्याला गेली होती. फोटो कुठे लावला, असं मी विचारलं. “काय इचारू नगा, आक्का,” तो म्हणाला. “आप्पांनी भिताडाची चाळण केल्या.” आप्पा दाराजवळच्या खाटेवर बसतात. तिथून बघितलं की हरणीची नजर दुसरीकडेच जाते. म्हणून त्यांनी फोटो काढून जरा बाजूला ठोकला. तरी तसंच. मग समोरच्या भिंतीवर. मग कोपऱ्यात. जिथे लावावा तिथे ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघायची. फोटोत एकदा बाजूला गेलेली नजर खिळा हलवून परत येत नसते, हे मला ठाऊक होतं. मी संतोषला ते सांगितलं नाही. घरी जाऊन त्याने आप्पांना सांगितलं असतं आणि मग त्यांना खिळा हलवायचंही कारण उरलं नसतं.

मला या कामाचा पश्चात्ताप असा फारसा नाही. लेन्स चांगली निवडली होती, जागा होती तीच मिळाली होती, फोटो सुरेख आला होता. पण वाईट वाटतं आणि अजूनही वाटतं. ज्या एका माणसाला काय हवंय ते मला पूर्ण कळलं होतं, त्यालाच ते देता आलं नाही. त्या फोटोसाठी माणसाला एकाच वेळी कॅमेऱ्याच्या मागे आणि पुढे उभं राहावं लागलं असतं.

पुढचा पावसाळा सरला, दिवाळी होऊन गेली आणि आप्पा आले. लेन्स स्वच्छ फडक्यात गुंडाळून आणली होती. काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, ही परत घ्या, आमचं काम झालं. मी पायरीकडे बघितलं. हरणी होती. पायरीवर बसली होती, तोंड बाजाराकडे, आणि समोरून म्हैस गेली तरी मान वळली नाही.

“दिवाळीपासनं कायबी दिसत न्हाय तिला,” आप्पा म्हणाले. “घरात-रानात फिरत्या पर. हाक मारली की सरळ येत्या.”

मग त्यांनी खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. फोटो काढलाय, म्हणाले. मी स्वतः काढलाय. मी कार्ड लावलं.

त्यांचं रान, मागे बांध, आणि हरणी येतेय. आता ती सुसाट येत नव्हती. पाय चाचपत टाकत, कान पुढे करून येत होती, एक पंजा उचललेला. पण तोंड सरळ समोर होतं. डोळे सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे सरळ त्यांच्यात. दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे. आप्पांनी हाक मारत मारत कॅमेरा तोंडाला लावला होता. ती थांबली नव्हती, बिचकली नव्हती, कारण आता तोंड झाकलं काय आणि उघडं असलं काय, तिला सारखंच होतं.

फोटो जरा हलला होता. नजर कानावर ठरली होती, डोळ्यांवर नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर मी चटकन चुका दाखवल्या असत्या. सवयच ती.

आप्पा काउंटरवर हात टेकून पडद्याकडे बघत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “आता बघत्या न्हवं, आक्का, माझ्याकडं?”

“व्हय, आप्पा,” मी म्हणाले. “तुमच्याकडंच बघत्या.”

तेवढीच चौकट करून द्या, म्हणाले. मी करून दिली. ती घेऊन ते पायरी उतरले, नुसतं ‘चल गं’ म्हणाले आणि हरणी उठून त्यांच्या पावलांच्या आवाजामागे गर्दीत गेली. मी रिवाजाप्रमाणे लेन्स उचलली, मागून टॉर्च मारली. आतली काच अगदी स्वच्छ होती.